स्टोव्ह लावायचाय, पण भिंतीला भोक नको!

प्रश्न : आम्ही शेफील्डला राहतो. गेल्या वर्षी १८९०च्या सुमाराचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं टेरेस घर घेतलं. पुढच्या खोलीत जुनी फायरप्लेस आहे, पण कुणीतरी फळी ठोकून बंद केलेली. तिथे लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवायचा आहे. ८ किलोवॅटचा सेकंडहँड स्टोव्ह स्वस्तात मिळतोय. ह्यांचे एक मित्र घरातली सगळी कामं स्वतः करतात. ते म्हणतात, जुनी चिमणी आहेच, पाइप वर सोडला की झालं, दोन दिवसांचं काम. एका इन्स्टॉलरला बोलावलं, तर तो म्हणाला की भिंतीला कायमचं भोक लागेल आणि चिमणीत स्टीलचा लायनर, म्हणजे आतून एक लांब पाइप, सोडावा लागेल. आम्ही आत्ताच सगळीकडे डबल ग्लेझिंग (दुहेरी काचांच्या खिडक्या) केलंय, दारांच्या फटी बुजवल्यात, लाकडी जमिनीवर नवीन फ्लोअरिंग टाकलंय. पुढची-मागची खोली एक केली, स्वयंपाकघरही त्यालाच उघडं आहे. डिसेंबरात सासू-सासरे कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी येतायत. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "एवढे पैसे घालून घर उबदार केलंत आणि आता भोक पाडून गार वारा आत घेणार?" मलाही तेच वाटतंय. भोक आणि लायनर खरंच हवेत का?
– मृण्मयी, शेफील्ड

प्रिय मृण्मयी,

आधी उत्तरं देऊन टाकतो. भोक हवं. लायनर बहुधा हवाच. मित्राला हे काम देऊ नका. आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही, ती म्हणजे उघडं स्वयंपाकघर. तिथूनच सुरुवात करतो.

लाकूड जळायला हवा लागते हे आपण शाळेत शिकतो. ती हवा खोलीतूनच जाते आणि जाईल तेवढी बाहेरून परत यावी लागते, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं. स्टोव्हमधला गरम धूर हलका असतो म्हणून चिमणीतून वर चढतो आणि आपल्यामागे खोलीतली हवा ओढून घेतो. या ओढीला ड्राफ्ट म्हणतात. ती फार नाजूक असते. बहुतेक स्टोव्ह १२ पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं माप) आसपासच्या ओढीवर चालतील असे बनवलेले असतात, आणि वाऱ्याची साधी झुळूक दारावर आपटली तरी दाबात तेवढा फरक पडू शकतो.

आता तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. सासूबाई आलेल्या, संध्याकाळी कढईत मिरच्यांची फोडणी बसलेली, ठसका लागू नये म्हणून हूड (भारतात ज्याला किचन चिमणी म्हणतात तो, वाफ-धूर बाहेर फेकणारा पंखा) फुल स्पीडवर. घरगुती हूड तासाला पाचसहाशे घनमीटर हवा बाहेर फेकणारे सर्रास मिळतात. ५ किलोवॅटचा स्टोव्ह तासाला साधारण दीड किलो लाकूड जाळतो आणि त्याला फार तर वीसेक घनमीटर हवा लागते. म्हणजे हूडची ताकद स्टोव्हच्या कितीतरी पट. खिडक्या घट्ट, दारं घट्ट, मग हूडने बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी नवी हवा कुठून येणार? घरात तेव्हा बाहेर उघडणारा सगळ्यात मोठा मार्ग एकच उरतो : चिमणी. हवा तिथून खाली यायला लागते आणि धूर तिच्याबरोबर खोलीत उतरतो.

धूर दिसला तर निदान कळतं तरी. स्टोव्हमध्ये ज्वाळा विझून नुसते निखारे उरलेले असतात तेव्हा धूर जवळजवळ नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर असतो. त्याला वास नाही, रंग नाही. चिमणीही तोवर थोडी थंड झालेली असते, त्यामुळे ओढ कमी असते. जेवणं उरकून कुणीतरी हूड चालूच ठेवून टीव्हीसमोर बसावं, हा प्रसंग कुठल्याही घरात घडू शकतो.

इंग्लंडमध्ये या कामाचे नियम 'अप्रूव्हड डॉक्युमेंट जे' या सरकारी पुस्तिकेत आहेत. घन इंधनाचा स्टोव्ह ज्या खोलीत असेल त्याच खोलीत हवा बाहेर ओढणारा पंखा शक्यतो नसावा, असं तिचं सांगणं आहे. तुम्ही तिन्ही जागा एक केल्यामुळे तुमचा हूड आणि स्टोव्ह एकाच खोलीत येतात. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं : स्वयंपाकघराला पुन्हा दार बसवा. काचेचं बसवा, उजेड अडणार नाही. तेवढं केलं तरी प्रश्न संपला असं धरू नका, कारण दार उघडं राहणारच. म्हणून इन्स्टॉलरकडून स्पिलेज टेस्ट, म्हणजे धूर खोलीत सांडतो का याची चाचणी, हे दार उघडं ठेवून करून घ्या.

ही टेस्ट चालू असताना तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा. घरातल्या सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं बंद करायची. हूड फुल, बाथरूमचा पंखा चालू, हवा बाहेर सोडणारा ड्रायर असेल तर तोही चालू. मग चिमणी थोडी तापवून स्टोव्हमध्ये धुराची गोळी पेटवतात आणि काही मिनिटं वाट बघतात. स्टोव्हच्या दाराच्या कडेला धूर आतल्या बाजूला ओढला जायला हवा. तो बाहेर रेंगाळला, खोलीत सांडला, तर स्टोव्ह वापरायचा नाही. हूडचा वेग कायमचा कमी करून घ्या किंवा हवेसाठी आणखी वाट करा आणि पुन्हा टेस्ट घ्या. तरीही जमलं नाही तर स्टोव्हचा विचार सोडा. आपल्या स्वयंपाकाला हूडशिवाय चालणार नाही, स्टोव्हशिवाय चालेल. एखादा इन्स्टॉलर पंखे बंद ठेवूनच टेस्ट उरकत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

आता भोक. याचा हिशेब तुमच्या स्टोव्हच्या किलोवॅटवर आणि घर किती घट्ट आहे यावर ठरतो. जुन्या, फटींच्या घरात पहिल्या ५ किलोवॅटपुरती हवा फटींतून येते असं नियम धरतो आणि त्यावरच्या प्रत्येक किलोवॅटला ५५० चौ. मिमी कायमची उघडी जागा मागतो. म्हणजे ८ किलोवॅटला १,६५० चौ. मिमी. घट्ट घरात मात्र पहिल्या किलोवॅटपासूनच ५५० मोजायचे, म्हणजे ४,४००. तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल की "५ किलोवॅटच्या आतला घ्या, भोक लागत नाही." ते फटींच्या घरापुरतं खरं आहे. २००८च्या आधीची घरं सहसा फटींचीच धरली जातात, पण मोठी डागडुजी केली असेल तर तसं धरता येत नाही, आणि कुठली डागडुजी याची यादीच त्या पुस्तिकेत आहे : सगळीकडे डबल ग्लेझिंग, दारांना सील, जमिनीवर हवा न सोडणारं आच्छादन आणि त्याच्या कडा बंद. तुमच्या पत्रातलं वाक्य आणि ही यादी शेजारी ठेवून पाहा. शंका असेल तर ब्लोअर डोअरची (दारात मोठा पंखा बसवून करतात ती) चाचणी करून घर किती घट्ट आहे ते मोजता येतं. चाचणी करायची नसेल तर घर घट्टच धरा.

हे आकडे खऱ्या मोकळ्या जागेचे आहेत, भिंतीतल्या भोकाच्या मापाचे नाहीत. १०० मिमीच्या पाइपची जागा जवळपास ७,८५० चौ. मिमी भरते, पण बाहेर जाळी, आत ग्रिल, मध्ये वाऱ्याचा आवाज अडवणारे पडदे, असं सगळं बसवलं की प्रत्यक्षात त्याच्या बरीच कमी हवा मिळते. या भोकात बसवायचा तयार झरोका, म्हणजे व्हेंट, घ्याल त्यावर त्याची मोकळी जागा छापलेली असते, ती वाचून घ्या. जाळीची छिद्रं ५ मिमीपेक्षा बारीक नकोत, नाहीतर कोळिष्टकं आणि धूळ बसून वर्षभरात बुजतात. आणि उघडझाप करता येणारं ग्रिल घेऊ नका, या कामाला ते चालतच नाही.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं, त्यांचा प्रश्न रास्त आहे. आपल्या जुन्या घरात चुलीसाठी वेगळं भोक कुणी पाडलं नव्हतं, कारण कौलांमधून आणि दारांच्या फटींतून हवा येतच होती. पाटणपासून चंदगडपर्यंत थंडीत शेगडी पेटवायची सवय त्यांच्या पिढीला आहे आणि ती तशाच घरात लागलेली आहे. डबल ग्लेझिंगच्या बंद खोलीत तीच शेगडी जीव घेते. उत्तर भारतात दर हिवाळ्यात खोली बंद करून अंगीठी लावून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात, त्या यामुळेच. हे त्यांना फोनवर आत्ताच सविस्तर सांगा. नाहीतर एखाद्या रात्री पाय गार पडले म्हणून त्या प्रेमाने त्या ग्रिलमध्ये जुना टॉवेल कोंबून ठेवतील आणि कुणाला कळणारही नाही.

आणि गार वारा त्यांच्या पायांवर येणारच नाही अशी जागा निवडता येते. खुर्च्या जिथे असतील त्या भिंतीत व्हेंट घेऊ नका. छताजवळ घेतला तर गार हवा खाली येईपर्यंत खोलीतल्या हवेत मिसळते. त्याहून बरं म्हणजे स्टोव्हच्या अगदी जवळ : हवा आत येते आणि तिथेच ओढली जाते. बऱ्याच नव्या स्टोव्हना मागून थेट बाहेरच्या हवेचा पाइप जोडता येतो. तुमची जमीन लाकडी असणार, तिच्याखालून हा पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत नेता येईल. जमिनीखालची हवा तशीच उघड्यावर ओढून मात्र घेऊ नका. शेफील्डच्या शेजारी डर्बिशायरमध्ये रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू जास्त असलेले पट्टे आहेत. तुमचा पोस्टकोड रेडॉनच्या सरकारी नकाशावर घालून बघा. थेट पाइप जोडला तरी हूडची टेस्ट चुकत नाही, कारण लाकूड घालायला दार उघडलं की स्टोव्ह पुन्हा खोलीचीच हवा ओढतो.

चिमणीकडे वळू. फळी काढल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट बघायची : मागे जुना बॅक बॉयलर राहिलाय का. पूर्वी फायरप्लेसच्या मागे पाणी तापवायची लोखंडी टाकी बसवत. नंतर सेंट्रल हीटिंग आलं की पाइप कापून, तोंडं बंद करून ती तिथेच सोडून दिली जायची. अशा बंद टाकीसमोर आग लावली की आत उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला जायला वाट नसते. अशा टाक्यांचे स्फोट झालेले आहेत आणि ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने त्याबद्दल इशाराही दिला आहे. टाकी असेल तर काढूनच टाकायची. तोवर "बघू तरी चिमणी ओढते का" म्हणून गंमत म्हणूनही कागद पेटवू नका.

मग चिमणी झाडून घ्या. वर्षानुवर्षं बंद असलेल्या चिमणीत जॅकडॉ कावळे वरून काटक्या टाकत राहतात आणि मध्येच मोठं घरटं अडकलेलं असतं. झाडणाऱ्याने खाली काढलेला ढीग बघितला की "पाइप वर सोडला की झालं" हे म्हणणं किती पोकळ आहे ते तुमच्या मित्रालाही कळेल. त्यानंतर स्मोक टेस्ट : वरचं तोंड बंद करून चिमणीत धूर भरायचा आणि तो कुठून गळतो ते शोधायचं. खालची खोली बघून भागत नाही. वरच्या बेडरूममध्ये, पोटमाळ्यावर आणि शेजाऱ्यांकडेही जाऊन बघावं लागतं. तुमच्यासारख्या घरात दोन्हीकडच्या चिमण्या एकाच भिंतीत असतात आणि मध्ये एकाच विटेचा पडदा असतो. सव्वाशे-दीडशे वर्षांत आतला चुन्याचा गिलावा झडलेला असतो. तुमच्या स्टोव्हचा वायू शेजारच्या बेडरूममध्ये झिरपू शकतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, टेस्टच्या दिवशी घरी थांबायची विनंती करा.

म्हणूनच लायनर. चिमणी सगळ्या परीक्षांत उतरली तर कायदा लायनर घालाच म्हणत नाही. पण त्या काळच्या चिमण्या उघड्या कोळशाच्या आगीसाठी बांधलेल्या, आतून साधारण २२५ मिमी चौरस. छोट्या स्टोव्हचा धूर एवढ्या रुंद, थंड भुयारात मंदावतो आणि भिंतींवर डांबर जमतं. हेच डांबर पुढे पेट घेतं. १२५ किंवा १५० मिमीचा लायनर धूर गरम आणि वेगात ठेवतो. १२५ चालतो तो धूर कमी सोडणारा म्हणून मान्यता मिळालेल्या स्टोव्हला किंवा बिनधुराच्या इंधनाला, बाकीच्यांना १५०. स्टोव्हच्या तोंडापेक्षा लायनर कधीच लहान नको. नुसतं लाकूड जाळायचं तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील चालतं, बिनधुराचे कोळशाचे गोळे जाळणार असाल तर ९०४ घ्या, कारण त्यातला गंधक साधं स्टील खातो. लायनरवर बाण असतो, तो धुराच्या दिशेने, म्हणजे वर. तो उलटा घातला की डांबर सांध्यांत शिरतं.

वाकणं चारपेक्षा जास्त नकोत आणि ४५ अंशांपेक्षा तिरपी नकोत. मागून निघणारा आडवा पाइप १५० मिमीपेक्षा लांब नको. सगळी उंची निदान साडेचार मीटर हवी. छताच्या कण्याजवळ चिमणी असेल तर तोंड कण्यापेक्षा किमान ६०० मिमी वर हवं. दुमजली टेरेसमध्ये उंचीची अडचण सहसा येत नाही.

फायरप्लेसवर ओकचा लाकडी बीम लावायचा मोह सगळ्यांना होतो. एकपदरी पाइपपासून जळणारी वस्तू पाइपच्या व्यासाच्या तिप्पट लांब हवी, म्हणजे १५० मिमीच्या पाइपला ४५० मिमी. स्टोव्हभोवतीची अंतरं त्याच्या पुस्तिकेत असतात. सेकंडहँड स्टोव्हबरोबर ती पुस्तिका मिळते का, हेच विचारून बघा. मिळाली नाही तर इन्स्टॉलरला काम नियमात बसवणं कठीण जाईल. तो स्टोव्ह न घेण्याचं आणखी एक कारण : तो तुम्हाला मोठा होतो. खोलीचे घनमीटर भागिले १४, असा एक ढोबळ हिशेब इथले लोक करतात. तुमची एक केलेली खोली समजा ८ बाय ४ मीटर आणि पावणेतीन मीटर उंच असेल, तर सहा-सव्वासहा किलोवॅट येतात, आणि घर इतकं बंदिस्त केल्यावर ५ पुरतील. मोठा स्टोव्ह घेतला की उकडतं, मग हवा कमी करून तो नुसता धुमसत ठेवतात, आणि तसं धुमसणारं लाकूडच सगळ्यात जास्त डांबर आणि मोनॉक्साइड सोडतं. ५ किलोवॅटचा, नव्या इकोडिझाइन नियमात बसणारा घ्या. त्याला घट्ट घराच्या हिशेबाने २,७५० चौ. मिमी हवा द्या.

तुमची गल्ली स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे चिमणीच्या धुरावर निर्बंध असलेल्या भागात, आहे का ते कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) नकाशावर बघा, असण्याचीच शक्यता जास्त. १९५२ सालच्या लंडनच्या जीवघेण्या धुक्यानंतर १९५६चा क्लीन एअर अॅक्ट आला, हे पट्टे तेव्हापासूनचे. तिथे मान्यता असलेल्या स्टोव्हशिवाय लाकूड जाळता येत नाही आणि चिमणीतून धूर दिसला तर ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. लाकूड 'रेडी टू बर्न' शिक्का असलेलं घ्या, म्हणजे ओलावा २० टक्क्यांच्या आत. बांधकामाच्या कचऱ्याच्या पेटीतली (स्किपमधली) रंगवलेली फळकुटं जाळू नका.

आता अलार्म. स्टोव्ह बसवताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं इंग्लंडमध्ये २०१०पासून सक्तीचं आहे. स्टोव्हपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर लावायचा. छतावर लावला तर भिंतीपासून ३०० मिमी सोडून. भिंतीवर असेल तर दारं-खिडक्यांच्या वर, पण छताच्या १५० मिमी खाली. दुसरा एक अलार्म सासू-सासरे झोपणार असतील त्या वरच्या खोलीत लावा, चिमणी तिथून जात असेल तर नक्कीच. हा झोपताना डोकं असतं त्या उंचीवर.

हे इतकं आग्रहाने सांगायचं कारण, या विषबाधेची लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गळून जाणं. डिसेंबरात भारतातून आलेल्या माणसाला हे झालं तर सगळं घर म्हणणार, जेट लॅग आहे, थंडी बाधली, आल्याचा चहा घ्या आणि शेकोटीपाशी बसा. म्हणजे त्यांना नेमकं त्याच जागी बसवणार. ओळखायची खूण अशी की बाहेर फिरून आलं की बरं वाटतं, घरात आलं की पुन्हा सुरू होतं, आणि एकाच वेळी दोघा-तिघांना होतं. असं काहीही वाटलं किंवा अलार्म वाजला, तर दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा आणि ९९९ला फोन करा. स्टोव्हमध्ये रात्री ओंडका घालून, हवा बंद करून झोपायला जाऊ नका. राखेतही निखारे असतात. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा.

राहिली कागदपत्रं. हेटाससारख्या (घन इंधनाचे स्टोव्ह बसवणाऱ्यांच्या) योजनेत नोंदणी असलेला इन्स्टॉलर आपलं काम स्वतः प्रमाणित करतो. तसं नसेल तर काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवून त्यांची तपासणी घ्यावी लागते. मित्राला फार हौस असेल तर तो हा दुसरा रस्ता घेऊ शकतो, पण न कळवता शनिवार-रविवारी उरकलेलं काम बेकायदा आहे. विमा कंपनी पुढे नेमकं तेच सर्टिफिकेट मागते, घर विकताना वकीलही मागतो. काम झाल्यावर फायरप्लेस आणि लायनरची माहिती असलेली एक छोटी पाटी विजेच्या फ्यूजबॉक्सजवळ किंवा फायरप्लेसजवळ लावून द्यायची असते, ती मागून घ्या.

गारठा पडायला लागला की चिमणी झाडणारे आणि चांगले इन्स्टॉलर दोघेही आठवडेच्या आठवडे मिळत नाहीत. म्हणून या आठवड्यात फक्त झाडणाऱ्याला फोन करा आणि फळी त्याच्यासमोरच उघडा. स्टोव्ह कुठला घ्यायचा ते त्याने आत काय सापडलं हे सांगितल्यावर ठरवू. त्याचा रिपोर्ट आला की मला पाठवा, आणि हूडची हवा ओढायची क्षमता त्याच्या माहितीपुस्तिकेत बघून तीही कळवा.